दिवाळीची सुट्टी आणि दर्याचा मूड

काय मंडळी, दिवाळीच्या सुट्टीचं प्लॅनिंग सुरू झालं की नाही? मी नोकरीला पुण्यात, घर वाशिमला. यंदा आईबाबांना घेऊन अकोल्याहून रेल्वेनं जगन्नाथपुरी गाठायची. साठी उलटली तरी आईनं समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे ही ट्रिप फसून चालणार नाही.

पण घोळ असा, की आपल्याकडे चक्रीवादळांचे सीझन दोन. एक मे-जून, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे नेमक्या आपल्या सुट्ट्या! ३ मे २०१९ला ‘फनी’ पुरीजवळच धडकलं. पर्यटकांना आदल्या दिवशीच शहर सोडायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ओडिशात ‘दाना’ आलं आणि धडाधड गाड्या रद्द झाल्या. कोकणात जाऊ म्हणाल, तर ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ रायगडकर अजून विसरलेले नाहीत.

मग काय घरीच बसायचं? छे! चक्रीवादळ सांगून येतं. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीच सुरू होतात. निघण्यापूर्वीचा आठवडा ते रोज बघायचे. हॉटेल आयत्या वेळी रद्द करता येईल असंच घ्यायचं, चार पैसे जास्त गेले तरी. रेल्वेनंच गाडी रद्द केली, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. रजा मागतानाच साहेबांच्या कानावर दुसरी तारीख घालायची. आणि प्लॅन बी तयार हवा. आमचा आहे चिखलदरा.

आईला हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, “समुद्र काय पयून जाते काय बाप्पा?”