साडेसाती शनीची की ठेकेदाराची?

मार्वेची बोट आमच्या मनोरीच्या धक्क्यास लागली की थापी, ओळंबा, घमेली घेतलेले गवंडी-बिगारी उतरतात. जालना, बीडकडचे हे शेतकऱ्यांचे पोर येथे दुसऱ्यांचे बंगले बांधितात. त्यांतला एक गवंडी शाळेच्या पायरीवर बसून मला म्हणाला, "गुरुजी, झोप उडालीय. छातीत धडधडतं. गावाकडचा फोन वाजला की उचलायचं भ्या वाटतं."

सोबत्यांनी त्यास एका जोतिषीबुवाकडे नेले होते. बुवांनी साडेसाती काढली, शांतीचे ५,१०० रुपये घेतले, मनगटास काळा दोरा बांधिला. ते पैसे कोठून आले? मुकादमाची उचल! दुखणे कर्जाच्या धास्तीचे, आणि औषध म्हणून आणखी कर्ज.

बुवा, आमचा एक सवाल आहे. तीन महिन्यांची मजुरी अडकलेली, आठ जणांस पत्र्याची एक खोली, सात दिवसांत एक सुटी नाही. हे कुंडलीच्या कोणत्या घरात बसते? शनी बिचारा आकाशात आहे. मजुरी दाबणारा रोज धक्क्यावर भेटतो.

शिकलेले गृहस्थ म्हणतात, बुवा नको, पण या लोकांनी दारू सोडावी, प्राणायाम करावा, मन खंबीर करावे. दारू सोडावी हे आम्हासही मान्य. पण दिवसभर घमेली वाहून रात्री पाळीने निजणाऱ्याने मन खंबीर केव्हा करावे?

रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात मंत्र मागितला नव्हता. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, जखमी कामगारास बरा होईपर्यंत पगार, हे मागितले होते. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. (आज रविवारी दुपारी पंख्याखाली लोळून मजुरांस उपदेश करणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.) गिरणगावात निदान गावकीच्या खोल्या होत्या, तापाने फणफणलेल्यास भाऊबंद पाहत, खाणावळीची बाई उधारीवर जेवू घाली. ठेकेदाराच्या पत्र्याखाली तेही नाही.

आता घरच्यांस दोन कडू शब्द. त्या गवंड्याच्या फोनवर शनी बोलत नव्हता, बहिणीच्या लग्नाचे व्याज बोलत होते. जोतीरावांनी १८७३ सालीच भटावाचून, थोडक्या खर्चात लग्न लावून दाखविले. आपण मात्र हळदीस डीजे आणितो आणि फेड शहरातल्या पोराच्या उरावर टाकितो. फोन लाविल्यावर पैशाआधी त्याची झोप विचारा. झोप लागत नसेल तर पालिकेच्या दवाखान्यात धाडा. १४४१६ या सरकारी फोनवर मनाच्या दुखण्याविषयी फुकट बोलता येते, मराठीतही.

मजुरीचा अर्ज मी त्या गवंड्यास कामगार आयुक्तांच्या नावे लिहून दिला आहे. त्याच्या खिशातल्या वहीत तीन महिन्यांची हजेरी तारीखवार सापडली, म्हणून अर्ज लिहिता आला. ज्याच्यापाशी अशी वही नाही, त्याने ती आजच दहा रुपयांस घ्यावी.