आधी वजनकाटा, मग धाडस

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांच्या टीमची सहल ऋषिकेशला निघाली आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात बंजी जंपिंग होतं. तिने फोन करून विचारलं, "मावशी, पहिल्यांदाच उडी मारणारे. तयारी काय करू?" मी काही बोलण्याआधी तिनेच मॅनेजरने ग्रुपवर टाकलेली यादी वाचून दाखवली. आदल्या रात्री नीट झोपा. सकाळी हलकं खा. दीर्घ श्वास घ्या. खाली बघू नका, समोरच्या डोंगराकडे बघा. नकारात्मक विचार मनात आणू नका. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत : भीतीच्या पलीकडेच खरं आयुष्य आहे.

या यादीत दोराचा उल्लेख नव्हता. वजनाचा नव्हता. रक्तदाब, डोळे, पाठ यांचा नव्हता. उडी मारायची नसेल तर काय करायचं, हेही नव्हतं. इंटरनेटवर 'पहिली बंजी' म्हणून जे सल्ले मिळतात तेही बहुतेक असेच. सगळी तयारी मनाची. जणू माणूस दोराने नाही, निर्धाराने लटकतो.

माझं म्हणणं साधं आहे. बंजीच्या पहिल्या उडीला धैर्याची तयारी लागत नाही. कड्यावर उभं राहून पुढे झुकायला काही सेकंद पुरतात आणि बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. तयारी लागते ती प्रश्न विचारण्याची आणि वेळ आली तर मागे फिरण्याची. या दोन्ही गोष्टी आपल्याला कुणी शिकवत नाही. उलट, त्यांना भित्रेपणा म्हणायला शिकवतात.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी एका शहराबाहेरच्या मैदानावर, क्रेनला टांगलेल्या पिंजऱ्यातून मी उडी मारली आहे. तंबूत टेबलामागे बसलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, वजन?" मागे रांग होती, रांगेत सहकारी होते. मी म्हटलं, "बासष्ट." खरं वजन अडुसष्ट होतं. त्याने मान न उचलता बासष्ट लिहिलं. वजनकाटा तिथे नव्हताच. मी कागदावर सही केली, वर गेले, उडी मारली, किंचाळले, खाली आले आणि भेळ खाल्ली. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, ही या गोष्टीतली सगळ्यात लाजिरवाणी बाब. कारण त्या सहा किलोंचा अर्थ त्या मैदानावर माझ्याइतका कुणालाच ठाऊक नसावा.

तो अर्थ थोडक्यात असा. वरून पडताना माणूस जी स्थितिज ऊर्जा गमावतो, ती सगळ्यात खालच्या बिंदूला दोराच्या ताणात साठलेली असते. दोर किती ताणला जाईल हे त्याच्या ताठपणावर आणि माणसाच्या वजनावर ठरतं. वजन वाढलं की ताण वाढतो आणि माणूस आणखी खाली जातो. म्हणून बंजीचा दोर सगळ्यांना एकच चालत नाही. लेटेक्स रबराच्या शेकडो धाग्यांपासून केलेले हे दोर वजनाच्या गटांनुसार वेगवेगळे ठेवावे लागतात. जड माणसाला हलक्या माणसाचा दोर दिला तर खाली जमीन किंवा पाणी अपेक्षेपेक्षा जवळ येतं. हलक्या माणसाला जड माणसाचा दिला तर झटका तीव्र बसतो आणि तो मान, पाठ, डोळे यांना सोसावा लागतो. म्हणजे खोटं वजन कमी सांगा नाहीतर जास्त, फसवणूक शेवटी दोराची होते. दोराला आपली लाज कळत नाही.

वजन विचारून लिहून घेणाऱ्या ठिकाणी उडी मारू नये, हा माझा पहिला नियम. वजन काट्यावर झालं पाहिजे, शक्यतो दोन वेळा, दोन वेगळ्या माणसांनी, आणि आकडा अंगावर, म्हणजे हातावर, मार्करने लिहिला पाहिजे. कागद हरवतो, हात हरवत नाही. आणि हे जमलं नाही तर पैशांवर पाणी सोडून घरी यावं.

"पण तुम्हाला काही झालं नाही ना?" असं लोक मला विचारतात. नाही झालं. आणि याच वाक्याविरुद्ध हा सगळा लेख आहे. मला काही झालं नाही यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी सहा किलोंची चूक त्या दोराने पचवली. ती व्यवस्था चांगली होती हे त्यावरून सिद्ध होत नाही. आपल्याकडे मात्र 'आजवर कधी काही झालं नाही' हेच सुरक्षेचं प्रमाणपत्र मानलं जातं, जत्रेतल्या पाळण्यापासून धबधब्यावरच्या सेल्फीपर्यंत.

या खेळाचा इतिहास पाहिला तरी तयारी कुठे असते ते दिसतं. प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशात पेंटेकोस्ट नावाचं बेट आहे. तिथले पुरुष आणि मुलगे लाकडी मनोऱ्यावरून, घोट्यांना वेली बांधून, जमिनीच्या दिशेने उडी मारतात. बघणाऱ्याला त्यात दिसतं ते निव्वळ धाडस. प्रत्यक्षात अनेक दिवस चाललेलं काम असतं वेलींचं. प्रत्येकाच्या अंगकाठीप्रमाणे जाणता माणूस वेल निवडतो. उडी ठरावीक ऋतूतच, साधारण एप्रिल ते जूनमध्ये होते, कारण तेव्हा वेलीत पुरेसा ओलावा आणि लवचीकपणा असतो. १९७४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ त्या बेटांच्या दौऱ्यावर आली. तेव्हा तिथे ब्रिटन आणि फ्रान्सची संयुक्त राजवट होती. पाहुणीसाठी उड्यांचा कार्यक्रम ठरला, ऋतू नसताना. एका माणसाच्या वेली तुटल्या आणि नंतर रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच्याकडे धैर्य कमी नव्हतं. वेल तयार नव्हती, आणि ती तयार नाही म्हणून पाहुण्यांना 'नाही' म्हणणं शक्य झालं नव्हतं.

पेंटेकोस्टच्या उड्यांवरून स्फूर्ती घेऊन १ एप्रिल १९७९ रोजी ऑक्सफर्डच्या डेंजरस स्पोर्ट्स क्लबच्या मंडळींनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या. आधुनिक बंजीची सुरुवात तिथून मानतात. पण ती हौशी मंडळींची मस्ती होती. तिचा धंदा झाला न्यूझीलंडमध्ये. ए. जे. हॅकेटने १९८७ साली आयफेल टॉवरवरून उडी मारून जगाचं लक्ष वेधलं आणि पुढच्या वर्षी हेन्री व्हॅन ॲशच्या जोडीने क्वीन्सटाउनजवळच्या कावाराउ पुलावर, ४३ मीटर उंचीवर, पैसे देऊन उडी मारण्याची कायमची सोय केली. फोटो आयफेल टॉवरचा छापला जातो. पण त्या आधी दोरांच्या चाचण्या करण्यात गेलेला वेळ कुणाच्या स्टेटसवर येत नाही. आज हजारो लोक उडी मारून सुखरूप घरी जातात ते या कंटाळवाण्या कामामुळे.

दुसरा नियम भाषेचा. २०१५ साली उत्तर स्पेनमध्ये सतरा वर्षांची एक डच मुलगी पुलावरून उडी मारायला उभी होती. प्रशिक्षकाला सांगायचं होतं 'उडी मारू नको'. त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्याने 'नो जंप' म्हटलं. तिने बहुधा 'नाऊ जंप' ऐकलं असावं, असं प्रकरण न्यायालयात गेल्यावर पुढे आलं. दोर पुलाला बांधलेला नव्हता. २०२१ साली कोलंबियात एका तरुणीने सोबत्यासाठी दिलेला इशारा स्वतःसाठी समजून उडी मारली. तिलाही दोर जोडलेला नव्हता. या दोन्ही मुलींनी 'नकारात्मक विचार' केले नव्हते. सांगितलं की उडी मारायची, इतकी त्यांची तयारी पूर्ण होती. घात त्या तयारीनेच केला.

म्हणून वर जाण्याआधी विचारायचं : उडीचा शब्द कोणता? थांबण्याचा शब्द कोणता? आणि थांबण्याच्या शब्दात उडीचा शब्द येता कामा नये. 'थांब' हा किती चांगला शब्द आहे. तो 'उडी'सारखा ऐकू येतच नाही. मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या माणसाला घाबरलेल्या अवस्थेत, वाऱ्याच्या आवाजात, इंग्रजीतून सूचना का घ्याव्या लागाव्यात? आपल्याला कळेल अशा भाषेत सूचना मागणं हा अडाणीपणा नाही.

तिसरा नियम शरीराचा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, गर्भारपण, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, काचबिंदू, फार मोठा चश्म्याचा नंबर, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया. यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. उलटं लटकून झटका बसल्यावर डोळ्यांत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फॉर्मवर या सगळ्यापुढे 'नाही' अशी खूण करणं सोपं असतं, विशेषतः बॉस शेजारी उभा असताना. म्हणूनच तो फॉर्म घरी, एकट्याने भरायला मिळाला पाहिजे.

चौथा नियम दोन माणसांचा. एकाने बांधायचं, दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचं. घोट्यांच्या बांधणीला कमरेच्या किंवा अंगाच्या हार्नेसची जोड आहे का, दोराच्या आजवरच्या उड्यांची नोंद ठेवली जाते का, दोर कधी बाद करतात, हे विचारायचं. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं आनंदाने मिळतात, कारण त्यांच्या रोजच्या कामाबद्दल तिथे क्वचितच कुणी विचारतं. 'अहो काही होत नाही, बिनधास्त जा' असं उत्तर आलं, तर उत्तर मिळालं असं समजून निघायचं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात व्यावसायिकांच्या नोंदणीची अट आहे. ती नोंदणी दाखवा म्हणायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : एवढा विचार केला तर मजाच गेली. मला तसं वाटत नाही. चालता दोर, मोजलेलं वजन, समजलेला इशारा हे सगळं असताना जी भीती उरते, तीच मजेची भीती. आधीची भीती ही माहिती असते. शरीर विचारत असतं, हा दोर कुणी बघितलाय का? त्या प्रश्नाला दीर्घ श्वास हे उत्तर नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भीतीवर मात केली की आत्मविश्वास येतो, माणूस पुढे आयुष्यात धाडसी निर्णय घेतो. येत असेलही. पण सहकाऱ्यांच्या घोळक्यात, मोबाइल रोखलेले असताना, मागे कुणीतरी 'थ्री, टू, वन' म्हणत असताना मारलेल्या उडीतून नेमकं काय शिकलं जातं? सगळे आकडे मोजू लागले की आपण झुकायचं, हे शिकलं जातं. कंपन्यांना हा धडा आवडतो यात नवल नाही. मोजणी चालू असताना 'थांबा, मला एक विचारायचंय' म्हणणारा माणूस पुढे ऑफिसातही तसंच विचारील, ही भीती त्यांना वाटत असावी.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. थोडी वैतागली. "मावशी, तू लेक्चरच देतेस," म्हणाली. पण प्रश्न लिहून घेतले. ऋषिकेशजवळच्या मोहनचट्टीला, ८३ मीटरच्या त्या प्लॅटफॉर्मवर तिने ते विचारले. तिचं वजन दोनदा झालं, हातावर लिहिलं गेलं, बांधणी एकाने केली आणि दुसऱ्याने तपासली. तिने उडी मारली. संध्याकाळी फोनवर तिचा आवाज बसलेला होता आणि ती खूष होती. मलाही बरं वाटलं.

मग तिने सांगितलं, टीममधला एक मुलगा कडेपर्यंत गेला, क्षणभर उभा राहिला आणि जंप मास्टरला "नाही" म्हणून मागे फिरला. बसमध्ये परतताना त्याला सगळे 'फट्टू' म्हणत होते. रात्री त्याच्या चेहऱ्याचं स्टिकर ग्रुपवर आलं. "तू पण हसलीस?" मी विचारलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "हो."

उडी मारणाऱ्याच्या बाजूने गुरुत्वाकर्षण असतं, मोजणी असते, टाळ्या असतात, भरलेले पैसे असतात. मागे फिरणाऱ्याच्या बाजूने काहीच नसतं. त्या दिवशी त्या प्लॅटफॉर्मवर सगळ्यात अवघड काम त्या मुलाने केलं आणि त्याची तयारी त्याच्याकडून कुणीच करून घेतली नव्हती. बारा वर्षांपूर्वी मला ते जमलं नव्हतं. साधा खरा आकडासुद्धा सांगता आला नव्हता.

भाचीच्या मॅनेजरची ती यादी पुढच्या सहलीला पुन्हा निघेलच. त्यात हलकं खाणं, नीट झोपणं जरूर राहू द्या, ते बरोबरच आहे. फक्त सगळ्यात वर एक ओळ घाला, ठळक अक्षरांत : ज्याला उडी मारायची नाही त्याने मारू नये, आणि त्याला कारण कुणी विचारू नये.