जिलेटची कोंडी

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या ईशान्य भागात जिलेट नावाचे एक लहान शहर आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या तेहतीस हजारांच्या थोडी वर भरली. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाच हा पसारा; तथापि हे शहर स्वतःला ‘राष्ट्राची ऊर्जा-राजधानी’ म्हणवून घेते. या बिरुदात अतिशयोक्ती फारशी नाही. जिलेटच्या परिसरातील पावडर रिव्हर खोऱ्याने गेली काही दशके अमेरिकेतील एकूण कोळशापैकी सुमारे चाळीस टक्के कोळसा पुरविला आहे. या शहराची आजची अवस्था मात्र केवळ खाणकामाच्या अभ्यासकांनीच नव्हे, तर राज्यकारभाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

१८९१ मध्ये येथे रेल्वे आली आणि एडवर्ड जिलेट या रेल्वेच्या अभियंत्याचे नाव गावाला मिळाले. त्यानंतर पाऊणशे वर्षे गुरे आणि मेंढ्या पाळणाऱ्यांचे हे गाव आपल्या गतीने चालले होते. १९७० मध्येही त्याची वस्ती सात हजारांच्या आसपास होती. जमिनीखालचा कोळसा तोवर कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. कोठे कोठे शंभर फूट जाडीचा हा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ आहे. पण त्याची उष्णता कमी आणि बाजारपेठ दूर. त्याचे भाग्य उजळले ते वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कायद्याने. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने वीजकेंद्रांच्या धुरातील गंधकावर नियंत्रणे आणली, आणि जिलेटच्या कोळशात गंधक अत्यल्प होते. १९७३ च्या तेलसंकटाने देशी इंधनाची निकड वाढविली, आणि १९९० च्या दुरुस्तीने गंधकावरील बंधने आणखी कडक झाली. मैलभर लांबीच्या मालगाड्या कोळसा भरून दूरदूरच्या राज्यांकडे धावू लागल्या. प्रदूषणाविरुद्धच्या कायद्याने एक कोळसानगर उभे केले, हा इतिहासातील विरोधाभास विसरण्याजोगा नाही.

या भरभराटीची किंमतही शहराने मोजली. घरे अपुरी, शाळा अपुऱ्या, दवाखाने अपुरे. कामगार कुटुंबासह चाकांवरच्या घरांत राहत. व्यसने, घटस्फोट, गुन्हे आणि नैराश्य यांची जी वाढ त्या काळात दिसली तिला एलडीन कोअर्स या मानसशास्त्रज्ञाने १९७४ च्या सुमारास ‘जिलेट सिंड्रोम’ असे नाव दिले. पुढे काही समाजशास्त्रज्ञांनी या निष्कर्षांना हरकत घेतली. परंतु नाव शहराला चिकटले ते चिकटलेच. तरीही पैसा आला, आणि पैशाबरोबर उत्तम शाळा, रस्ते व क्रीडागृहे आली, हेही तितकेच खरे.

२००८ मध्ये वायोमिंगचे कोळशाचे उत्पादन ४६ कोटी टनांच्या वर गेले. तेच शिखर ठरले. खडकांतून वायू काढण्याच्या नव्या तंत्रामुळे नैसर्गिक वायू स्वस्त झाला. पाठोपाठ वारा आणि सूर्य यांपासूनची वीजही स्वस्त झाली. २००८ मध्ये अमेरिकेची जवळजवळ निम्मी वीज कोळशावर निर्माण होत होती. २०२३ मध्ये हे प्रमाण एक षष्ठांशावर आले. २०२० मध्ये वायोमिंगचे उत्पादन २२ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे शिखराच्या निम्म्याखाली घसरले. दरम्यान मोठमोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. मार्च २०१६ च्या अखेरीस दोन खाणींतील मिळून ४६५ कामगार एकाच दिवशी कमी करण्यात आले. १ जुलै २०१९ रोजी ब्लॅकज्युएल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, दोन खाणी बंद झाल्या आणि सुमारे सहाशे कामगारांना घरी पाठविण्यात आले. त्या खाणी पुढे नव्या मालकाकडे सुरू झाल्या. परंतु उद्याची खात्री संपली.

मग नवे उद्योग का आणीत नाहीत, असा प्रश्न सहज सुचतो. खरी कोंडी येथेच आहे. वायोमिंगमध्ये व्यक्तिगत प्राप्तिकर नाही. १९६९ पासून राज्य खनिजांवर उत्खनन-कर आकारते, आणि केंद्राच्या मालकीच्या जमिनीतील कोळशाच्या स्वामित्वशुल्काचा सुमारे निम्मा वाटाही त्याला मिळतो. कोळशाच्या भाडेपट्ट्यांच्या लिलावातून आलेल्या पैशांतून शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या. थोडक्यात, नागरिकाचा कर खाण भरीत आली. परिणामी एखादा कारखाना आला आणि त्याचे कामगार येथे स्थायिक झाले, तर त्यांच्या मुलांच्या शाळेवर व रस्त्यांवर होणारा खर्च त्यांच्याकडून मिळणाऱ्या करातून निघत नाही. ज्या विविधतेने शहर वाचावयाचे, तीच तिजोरीला भार होते. १९७४ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून खनिज-उत्पन्नाचा एक भाग कायम निधीत ठेवण्याची दूरदृष्टी राज्याने दाखविली आणि त्या निधीत आज अब्जावधी डॉलर आहेत, ही निश्चितच जमेची बाजू. तथापि निधी राज्याचा आहे. नोकरी गमावलेल्या कामगाराच्या घराचे हप्ते त्यातून फिटत नाहीत.

राजकारणाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याऐवजी तो पुढे ढकलला आहे. २०२४ मध्ये बायडन प्रशासनाने या खोऱ्यात नवे भाडेपट्टे थांबविण्याचे ठरविले. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने धोरण उलटे फिरविले आणि नव्या कायद्याने स्वामित्वशुल्क साडेबारा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आणले. या सवलतीने कोळसा काहीसा स्वस्त होईल. पण जी वीजकेंद्रे कायमची बंद झाली, ती त्यामुळे पुन्हा पेटणार नाहीत. शिवाय राज्याचा वाटाही त्या प्रमाणात घटणार, हे वेगळेच.

जिलेटच्या खाणकामगाराने अर्ध्या शतकात देशाला वीज दिली आणि आपल्या राज्याला करमुक्तीचे सुख दिले. आता बाजार पाठ फिरवीत असताना तोट्याचा मोठा वाटा त्याच्याच पदरात पडावा, हे न्यायाला धरून नाही. ज्यांनी कर न भरता शाळा आणि रस्ते उपभोगले, त्यांनी आता कर भरून जिलेटच्या संक्रमणाचा खर्च उचलला पाहिजे. हे अप्रिय सत्य मतदारांना सांगण्याचे धैर्य वायोमिंगचे राज्यकर्ते दाखवितात की नाही, यावरच या शहराचे भवितव्य अवलंबून राहील.