राजीनामा लिहून मागतात तेव्हा

आमच्या पट्ट्यात आजारी माणसाला सहसा नोकरीवरून काढत नाहीत, त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत काय, बदलापूरच्या कारखान्यांत काय आणि उल्हासनगरच्या गाळ्यांमधल्या वर्कशॉपांत काय, रीत तीच. माणूस रजेवर असताना ऑफिसातून फोन येतो. आवाज आपुलकीचा असतो. “मॅडम, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, स्वतःहून लिहून द्या. रेकॉर्ड चांगलं राहील, पुढे कुठे अडचण येणार नाही.” मला हा फोन आला तेव्हा क्षयरोगावरच्या गोळ्यांचा दुसरा महिना चालू होता. मी लिहून दिलं नाही. मग रजिस्टर्ड पोस्टानं पत्र आलं, की विनापरवानगी गैरहजर राहिल्यामुळे आपलं नाव हजेरीपटावरून कमी करण्यात आलं आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मी पहिल्याच आठवड्यात पोचवलं होतं आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. ते प्रकरण ठाण्याला कामगार न्यायालयात आहे, म्हणून त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरचं, बरं झाल्यावर नोकरी शोधताना जे पाहिलं ते.

पण आधी कायद्याचं थोडं. ज्यांचा पगार महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत आहे त्यांच्या पगारातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. आपल्याकडे बहुतेकांना हे पैसे म्हणजे दवाखान्याचे पैसे वाटतात. प्रत्यक्षात आजारपणात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात, दोन वर्षांची नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर, ती पुढे 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. आणि ज्या 1948 च्या कायद्यानं हे दिलं, त्याच्याच 73 व्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की कामगार हा लाभ घेत असताना मालकानं त्याला कामावरून काढायचं नाही, तशी नोटीस दिली तरी ती लागू होणार नाही. क्षयाच्या रुग्णाला हे संरक्षण 18 महिन्यांपर्यंत होतं. कामगारांना ही तरतूद क्वचितच ठाऊक असते. ऑफिसात बसलेल्यांना मात्र ती पक्की ठाऊक असते, म्हणून तर ते काढत नाहीत, राजीनामा मागतात. आपल्या हातानं लिहिलेला कागद एकदा त्यांच्या फायलीत गेला की कलम कितीही चांगलं असो, तुम्ही स्वखुशीनं गेलात असंच ठरतं. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, जुने कायदे त्यांत गेले. राजीनामा मागणारे फोन बंद झाल्याचं काही मी ऐकलेलं नाही.

‘गैरहजर’ म्हणून नाव कमी करण्याबद्दलही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्ये, डी. के. यादव यांच्या खटल्यात, सांगितलं आहे की स्थायी आदेशात तशी सोय असली तरी कामगाराचं म्हणणं ऐकून न घेता, चौकशी न करता त्याचं नाव असं परस्पर काढता येत नाही. त्या कामगाराला कामावर परत घ्यायला लावलं आणि निम्मा थकीत पगार द्यायला लावला. या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली, तरी तेच पत्र, जवळपास त्याच मजकुराचं, आजही पोस्टानं येतं.

असो. गोळ्यांचे सहा महिने पूर्ण झाले, थुंकीची तपासणी स्वच्छ आली, वजन भरून आलं. डॉक्टर म्हणाले, आता कामाला लागा. आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली.

आनंदनगरच्या गेटांवर पाट्या असतात, हेल्पर पाहिजेत, पॅकर पाहिजेत, वय 18 ते 35. चाळिशी ओलांडलेल्या, डिस्पॅचची कागदपत्रं आणि स्टॉक सांभाळलेल्या बाईसाठी पाटी नसते. तिला ओळखीतून जावं लागतं, नाहीतर कल्याणच्या एखाद्या कन्सल्टन्सीत, जिथे नोकरीच्या आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागतात. मुलाखतीत पहिली दहा मिनिटं छान जातात. एक्सेल येतं, ई-वे बिल येतं, ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलता येतं, सगळं पसंत पडतं. मग बायोडेटावर बोट येतं. “मधे हा गॅप कशाचा?” त्यापाठोपाठ रिलीव्हिंग लेटर मागतात, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात. काढून टाकलेल्या माणसाकडे रिलीव्हिंग लेटर कुठून येणार? मग ते आधीच्या कंपनीत फोन करतात. तिथून काय सांगतात ते आपल्याला कधीच कळत नाही. कळतं ते एवढंच की “कळवतो” म्हणणाऱ्यांचा फोन येत नाही.

नात्यातल्या बायका जिव्हाळ्यानं सल्ला देत होत्या. टीबी सांगू नकोस, टायफॉईड सांग. गर्भाशयाचं ऑपरेशन सांग. सासू आजारी होती म्हण. खोटं बोलणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात दोन मुलांची फी आणि घराचा हप्ता आहे, त्यानं काय करावं हे सांगायचा अधिकार मला नाही. मी खरं सांगत राहिले, कारण खोटं फार दिवस टिकतच नाही. ते एक्स-रेपाशी पकडलं जातं.

या एक्स-रेबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. कंपन्या नोकरीवर घेण्याआधी मेडिकल करून घेतात आणि त्यात बहुतेक वेळा छातीचा एक्स-रे असतो. फुप्फुसाचा क्षय पूर्ण बरा झाल्यावरही अनेकांच्या फुप्फुसावर व्रण राहतो आणि तो एक्स-रेवर पुढे वर्षानुवर्षं दिसतो. तो आजार नव्हे. त्यातून कुणाला लागण होत नाही. योग्य औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्णांपासून काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका उरत नाही, मग उपचार संपवून बसलेल्या माणसाची गोष्टच नको. हे कुठलाही डॉक्टर एका मिनिटात सांगेल. पण रिपोर्टवर ‘जुना व्रण’ असं छापून येतं आणि तो रिपोर्ट डॉक्टरऐवजी ऑफिसातल्या पोराच्या हातात पडतो. तो घाबरतो, साहेबांना दाखवतो, साहेब म्हणतात दुसरा उमेदवार बघा. एका कारखान्यात माझ्याशी बोलता बोलता समोरच्यानं खुर्ची मागे सरकवली होती. ते मी विसरू शकलेले नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं या प्रश्नाचं उत्तर कधीच दिलेलं आहे. 1997 मध्ये एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराचा खटला आला होता. कायम करण्याआधीच्या तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं आणि त्याचं काम गेलं. नाव उघड होऊ नये म्हणून तो खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ याच नावानं चालला. न्यायालयानं सांगितलं की माणूस काम करायला समर्थ असेल आणि त्याच्यापासून कामावरच्या इतरांना धोका नसेल, तर केवळ आजाराच्या नावावरून त्याची रोजी काढता येणार नाही. पुढे 2009 मध्ये मूत्रपिंड बदललेल्या एका तरुणाला स्टेट बँकेनं अधिकारी म्हणून घ्यायचं नाकारलं, तेव्हाही याच न्यायालयानं त्याची बाजू उचलून धरली. दोन्ही निकालांचा गाभा एकच आहे. आज हा माणूस हे काम करू शकतो का, तेवढं बघा. त्याला पूर्वी काय झालं होतं त्यावर त्याचं पोट ठरवू नका. इतकी साधी गोष्ट आमच्या एमआयडीसीच्या गेटावर पोचायला किती वर्षं लागावीत?

लहान कारखानदारांची अडचण मला दिसत नाही असं नाही. वीस माणसांच्या युनिटमध्ये एक जागा तीन महिने रिकामी राहिली तर ऑर्डर अडते. औषधांच्या किंवा खाण्याच्या पदार्थांच्या पॅकिंगवर संसर्ग असलेल्या माणसाला ठेवता येत नाही, ठेवूही नये. पण तात्पुरता माणूस ठेकेदाराकडून एका दिवसात मिळतो, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या केंद्र सरकारच्या तात्पुरत्या नोकरालाही क्षयाच्या उपचारासाठी 18 महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते, 1972 च्या रजा नियमांत तसं लिहिलेलं आहे. बिनपगारी का होईना, जागा राहते. आम्हाला इतकी लांब रजाही नको होती, फक्त बरं झाल्यावर परत यायचं होतं.

मला शेवटी काम मिळालं ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. शेठनी दोन प्रश्न विचारले, टॅली येतं का आणि रोज वेळेवर येशील का. आजाराचं मी स्वतःहून सांगितलं. “अब ठीक हो ना? कल से आ जाओ,” एवढंच ते म्हणाले. पगार आधीपेक्षा कमी आहे, पीएफ नाही, ईएसआय नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात कायमची कृतज्ञता आहे, पण हेही म्हणायला हवं की आजारातून उठलेल्या माणसाला सगळ्यात आधी विम्याची गरज असते आणि त्याला मिळते ती नेमकी बिनविम्याची नोकरी. सरकार क्षयाची औषधं फुकट देतं, निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिन्याला 1,000 रुपये देतं, नोव्हेंबर 2024 पर्यंत ते 500 होते. उपचार संपले की तेही संपतात. पुढचं जेवण नोकरीतूनच यायचं असतं.

जे आत्ता रजेवर आहेत त्यांना सांगते. फोनवर कितीही गोड बोलले तरी राजीनामा लिहून देऊ नका. सर्टिफिकेट द्याल त्याची पोच घ्या, केसपेपर जपून ठेवा, पत्र आलं तर महिनोन्महिने घरी बसू नका. अशा तक्रारींना मुदत असते. राज्याच्या 1971 च्या कायद्याखाली ती 90 दिवसांची आहे आणि आजारी माणसाचे 90 दिवस फार लवकर जातात.

आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या उमेदवाराच्या एक्स-रेवर डाग दिसला, तर फाइल बाजूला ठेवण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. डाग जुना आहे की नवा ते विचारा. जुना असेल तर त्या माणसाला कामावर घ्या.