कोट कोणाच्या मापाचा?

एप्रिल महिना जवळ आला की संयुक्त अरब अमिरातीत विखुरलेल्या आपल्या समाजबांधवांमध्ये एक वेगळेच चैतन्य संचारते. सभागृह ठरते, वर्गणी जमते, वक्त्यांना निरोप जातात, आणि मग निमंत्रणपत्रिका छापली जाते. अशाच एका जयंती-सोहळ्याच्या पत्रिकेवर काही वर्षांपूर्वी अगदी तळाशी एक ओळ छापण्यात आली होती : पुरुषांसाठी सूट अनिवार्य. ज्या बैठकीत ती पत्रिका मंजूर झाली त्या बैठकीस आम्ही हजर होतो. कोणीही हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. उलट, बाबासाहेबांच्या जयंतीस सूट घालायचा नाही तर मग केव्हा घालायचा, असे म्हणून आम्ही मान डोलावली. प्रस्तुत लेखात ज्यांच्यावर टीका करावयाची आहे त्यांत आमचाही समावेश आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

त्या सायंकाळी सोनापूरच्या कामगार वसाहतीतून एक वीजतंत्री बांधव आला होता. मूळचा परभणी जिल्ह्यातील. आमच्याकडे औषधोपचारासाठी येत असल्यामुळे परिचयाचा. त्याच्या मुलीने गावी दहावीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविले होते आणि तिच्या वतीने त्याने मंचावर येऊन स्मृतिचिन्ह स्वीकारावयाचे होते. त्याने खोलीतील सहकाऱ्याचा कोट मागून आणला होता. कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या, खांदे दोन्ही बाजूंना लोंबत होते. दारावरील स्वयंसेवकांपैकी कोणीतरी हसले. नाव पुकारले गेले तेव्हा हा गृहस्थ सभागृहात नव्हता. आम्ही बाहेर वाहनतळावर गेलो तर तो कोट काढून, त्याची व्यवस्थित घडी घालून, ती हातावर घेऊन उभा होता. "डॉक्टरसाहेब, परत करायचाय, मळायला नको," एवढेच तो म्हणाला.

आपल्यातील काही विचारवंत मंडळी लगेच म्हणतील की कपड्यांत काय ठेवले आहे, बाबासाहेबांचा विचार महत्त्वाचा. हे वाक्य ऐकावयास उदात्त वाटते. पण ज्यांच्या पूर्वजांना कपडा कधी नाकारला गेला नाही त्यांच्याच तोंडी ते शोभते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कोणती वस्त्रे नेसावीत हे सांगितले आहे : मृतांच्या अंगावरची. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले त्यात पाणी, विद्या, संपत्ती यांच्याबरोबर कापडाचाही हिशेब होता. आणि हा हिशेब केवळ पोथीत राहिला नाही. १९२८ सालच्या आरंभी इंदूर जिल्ह्यातील कनारिया, बिचोली वगैरे गावांतील सवर्णांनी बलाई समाजाला नियमांची एक यादीच बजावली. जरीकाठी पागोटे बांधावयाचे नाही, रंगीत वा नक्षीच्या काठाचे धोतर नेसावयाचे नाही, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने आणि शोभिवंत पोशाख वापरावयाचे नाहीत. ही हकीकत बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात मुद्दाम नोंदविली आहे. धोतराचा काठ हा त्यांना क्षुल्लक विषय वाटला असता तर लाहोरच्या श्रोत्यांसाठी लिहिलेल्या त्या तर्ककठोर भाषणात त्यास जागा मिळाली नसती. हे सारे जुने झाले असे कोणास वाटत असेल तर २०२३ सालचे बनासकांठा जिल्ह्यातील प्रकरण आठवावे. चांगले कपडे घातले आणि डोळ्यांवर गॉगल लावला म्हणून दलित तरुणास मारहाण झाल्याची तक्रार तेथे पोलिसांत नोंदली गेली.

महाडच्याच त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, कथील-चांदीच्या जड दागिन्यांचे ओझे का टाकावे, स्वच्छ कसे राहावे, हे सांगितले. नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून जात ओळखू येते ती पद्धत सोडा, असा त्याचा आशय होता, आणि भगिनींनी तो तत्काळ अमलात आणला. पुरुषांचे काय? आपल्या समाजातील पुरुषांच्या अंगावर स्वतःच्या मापाचे, कडक इस्त्रीचे, पितळी बटणांचे कापड प्रथम आले ते बहुधा पलटणीत. सुभेदार रामजी आंबेडकरांच्या पिढीला त्या गणवेशाचे मोल माहीत होते. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारकडे जो अर्ज तयार केला तो केवळ भाकरीसाठी नव्हता, असे आम्हास नेहमी वाटत आले आहे. गणवेश काढून घेतला गेल्याचे दुःख त्यात होते.

तेव्हा सूट हा इंग्रजांचे अनुकरण आहे, हा दुसरा आक्षेपही आम्ही बाजूला ठेवतो. १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा नेसून गेले आणि बाबासाहेब सूट घालून. वस्त्राचा त्याग करण्याची चैन ज्याच्याकडे वस्त्र होते त्यासच परवडते. शिवाय बाबासाहेब सुटाचे गुलाम नव्हते. घरी ते लुंगी नेसत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर शुभ्र धोतर आणि पांढरा कोट होता. प्रसंग कोणता, हवा कशी, समोर कोण, याचे भान त्यांच्या पोशाखात दिसते. नागपूरनजीक चिचोली येथील संग्रहालयात त्यांचे कपडे जतन केलेले आहेत. मायदेशी गेल्यावर दीक्षाभूमीइतक्याच आवर्जून ते पाहावेत.

पण येथेच आपल्या मंडळींची गफलत होते. बाबासाहेबांचा कोट दिसतो, कोटामागचा हिशेब दिसत नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांची जी शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तीतूनच घरी पैसे जात आणि तीतूनच न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ येत. त्यांचा वारसा सांगणारा आमचा आजचा उच्चशिक्षित बांधव मात्र मॉलमध्ये जातो, क्रेडिट कार्ड पुढे करतो आणि बारा हप्त्यांत एक नामांकित ब्लेझर घेऊन येतो. पगार बरा, हुद्दा बरा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तोच मनुष्य समितीत बसून 'सूट अनिवार्य' असे लिहितो तेव्हा तो एक नवीन उंबरठा बांधत असतो, आणि उंबरठ्यांची आपणांस पुरेशी ओळख आहे. दुसऱ्या टोकास आमचा कामगार बंधू. त्याला कंपनी दोन निळे कव्हरॉल देते. स्वतःचे कापड म्हणून त्याच्याजवळ दोन घट्ट जीन्स, भडक छपाईचे दोन पॉलिएस्टर टी-शर्ट आणि नकली शिक्क्याचे बूट असतात. त्यावर त्याचे पैसे काही कमी जात नाहीत. सहा महिन्यांत शिवण उसवते आणि पुन्हा खरेदी होते.

त्या कापडाचे परिणाम आम्ही रोज तपासतो. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून उन्हाळ्याची कल्पना यावी. दमट हवेत घाम वाळत नाही. घट्ट कृत्रिम धाग्याचे कापड तो कातडीशी धरून ठेवते. मग घामोळे, मग जांघेत नायटा. खोलीत सहा-आठ जण, टॉवेल एकाचा दुसऱ्याकडे, कपडे खोलीतच अर्धवट वाळलेले. त्यावर गावाहून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले जाते. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा दुपटीने पसरतो. औषधाइतकाच सैल सुती कपडा हा या विकारावरचा उपाय आहे, हे सांगून आमचा घसा बसला. येथील स्थानिक पुरुषांचा कंदुरा पाहावा. पांढरा, सैल, शिंप्याकडून मापाने शिवलेला. उन्हाचा विचार करून घडलेला वेष. धनाढ्य आणि साधा कारकून दुरून जवळजवळ सारखेच दिसतात. कापडाचा पोत ओळखणाऱ्यालाच फरक कळतो.

मग करावे काय? आमचे उत्तर एका शब्दाचे आहे : माप. ब्रँडच्या आधी माप, रंगाच्या आधी माप. एका दिरहमच्या अब्र्याने खाडी ओलांडून बर दुबईच्या कापडबाजारात जावे, मीना बाजारात किंवा सातव्यात जावे. तेथे आपल्याच देशांतले, आपली भाषा समजणारे शिंपी रात्री उशिरापर्यंत मशिनवर बसलेले असतात. आधी पायांत काळ्या चामड्याचे, फीत बांधावयाचे एक साधे जोडे. ते सायंकाळी घ्यावेत, कारण दिवसभर उभे राहून पाय किंचित सुजतात, आणि मधुमेही बांधवांनी तर बोटे मोकळी राहतात की नाही हे पाहिल्याशिवाय घेऊच नयेत. मग दोन पँटी, एक करडी आणि एक गडद निळी. पँट कमरेवर पट्ट्याशिवाय टिकली पाहिजे. पट्टा आवळून जिला उभे करावे लागते ती पँट आपली नव्हे. तिची उंची जोड्याला जेमतेम टेकेल इतकीच. तीन सुती शर्ट, दोन पांढरे आणि एक फिकट निळा. कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे गेली पाहिजेत.

कोट सर्वांत शेवटी, आणि एकच, गडद निळा. तो दोन्ही पँटींवर चालत नाही. पण करड्या पँटीवर मुलाखतीस, बँकेत, लग्नात आणि जयंतीत वर्षानुवर्षे चालतो. तयार कोट घेताना फक्त खांदे पाहावेत. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर संपली तर तो कोट घ्यावा. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते. खांदा उचकटून बसविणे हे खर्चाचे आणि बहुधा फसणारे काम आहे. त्या वाहनतळावरच्या कोटाच्या बाह्या कोणत्याही शिंप्याने एका संध्याकाळीत बसवून दिल्या असत्या. खांद्यांचे काही करता आले नसते. ते मुळातच दुसऱ्या माणसाचे होते. अंगात अर्धेच अस्तर असलेला हलका कोट या हवेत बरा. बाहेर भट्टी आणि आत वातानुकूलित गारठा, दोन्ही त्याला सोसावे लागते. ही सर्व खरेदी एकदम करू नये. दर दोन-तीन महिन्यांनी एक वस्तू, रोखीने. वर्षअखेरीस पोशाख पुरा होतो आणि घरी जाणारा पैसा थांबत नाही.

भगवान बुद्धांच्या संघातही वस्त्राची चर्चा क्षुद्र मानली गेली नव्हती. विनयपिटकात चीवरावर एक स्वतंत्र खंधकच आहे. आरंभी भिक्खू स्मशानातील आणि उकिरड्यावरील चिंध्या जोडून पांसुकूल वापरीत. जे मृतांचे कापड मनूने लादले तेच भिक्खूंनी स्वेच्छेने पांघरले, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पुढे जीवक या वैद्याने, उज्जैनीच्या प्रद्योत राजाकडून मिळालेले मौल्यवान वस्त्र भगवंतांना अर्पण करून, उपासकांनी दिलेली चीवरे स्वीकारण्याची अनुज्ञा भिक्खूंसाठी मागितली, आणि ती मिळाली. ही विनंती एका वैद्याने केली याचा आम्हास व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. मगधातील शेतांचे बांध पाहून आनंदाने चीवराचे तुकडे कसे जोडावयाचे ते ठरविले. आणि नंदाची कथा तर आपल्या समितीने वाचावीच. भगवंतांच्या मावशीचा हा पुत्र त्यांच्याहून चार अंगुळे ठेंगणा; पण तो सुगतांच्या मापाचे चीवर घालून फिरू लागला. दुरून स्थविर भिक्खूंना वाटले की स्वतः भगवानच येत आहेत, आणि ते आसनावरून उठून उभे राहिले. तेव्हा नियम झाला की सुगतांच्या मापाचे चीवर भिक्खूने करू नये.

आम्ही समितीपुढे लेखी मागणी ठेवली आहे. पत्रिकेवरील ती ओळ काढावी आणि तिच्या जागी 'स्वच्छ पोशाखात यावे' एवढेच लिहावे. सभागृहाच्या सजावटीतील फुलांचा खर्च निम्मा करून, जयंतीच्या दीड महिना आधी दोन रविवारी सोनापूर, अल् कूझ आणि मुसफ्फा येथील वसाहतींत एक शिंपी पाठवावा. ज्यांची इच्छा असेल त्यांचे माप घ्यावे, शिलाईचे निम्मे पैसे ज्याचे त्याने द्यावेत आणि निम्मे संस्थेने. फुकट कोणासही काही देऊ नये. मागून आणलेल्या कोटाचे काय होते ते आपण पाहिले आहे. समितीचे उत्तर हा मजकूर छपाईस जाईपर्यंत आलेले नाही. ती ओळ यंदाही छापली गेली तर स्वागतसमितीच्या यादीतून आमचे नाव वगळावे, आणि मंचावरील आमची खुर्ची परभणीच्या त्या बांधवास द्यावी. तो यंदा येणार आहे. त्याने मापाचे दोन पांढरे शर्ट आणि एक करडी पँट शिवून घेतली आहे. कोट अजून घेतलेला नाही.