घरसंसार : जुने घड्याळ की वापरलेले नवे?

आमचा भाचा मालवाहू जहाजावर फिटर आहे. गेल्या महिन्यात सुटीवर आला तेव्हा जेवताना त्याने हळूच विषय काढला. "मामा, एक चांगलं स्विस घड्याळ घ्यायचंय. कोरं परवडणार नाही, वापरलेलंच घेईन. तू बरोबर चल."

ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. घरावर स्लॅब पडायचा बाकी आहे. पोराने स्लॅबचे पैसे आधीच बँकेत वेगळे ठेवलेले, हे कळल्यावर ती गप्प झाली, पण खूश नव्हती. हौस करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या आजोबांना गिरणीच्या भोंग्यावर वेळ कळायची, त्याला मनगटावर चांगले घड्याळ असावेसे वाटले तर त्यात वावगे काय? फक्त घामाचा पैसा डोळे उघडे ठेवून जावा.

दुकानात दोन घड्याळे निवडून ठेवली होती. दोन्ही ओमेगाची. एक 1960 च्या दशकातले सीमास्टर, आपोआप चावी भरणारे, किंमत सत्तर हजार. दुसरे 2015 सालचे ॲक्वा टेरा, एकाच हातचे वापरलेले, किंमत अडीच लाख. आकडा ऐकून आमच्या पोटात गोळा आला. भाच्याचे मन जुन्यावर होते. स्वस्त, शिवाय तबकडी अशी चकचकीत की कालच कारखान्यातून आली.

तिथेच आम्हाला शंका आली. याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून आम्ही काळ्या तबकडीचे एचएमटी पायलट हौसेने घेतले होते. तीन महिन्यांत बंद पडले. उघडले तर तबकडी नव्याने छापलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे. आपल्या मुंबईत अशी रंगरंगोटी केलेली घड्याळे इतकी निघतात की परदेशातले शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात. हे नाव काही कौतुकाने पडलेले नाही.

म्हणून दुकानदाराची परवानगी काढून आम्ही ओळखीच्या घड्याळ दुरुस्तीवाल्या चाचांना तिथे बोलावले. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. त्यांनी आधी दुकानातला दिवा घालवायला सांगितला. अंधारात त्या जुन्या घड्याळाचे काटे हिरवे चमकू लागले. भाचा खूश! चाचा म्हणाले, "बेटा, चमकतंय हीच तर गडबड आहे."

गोष्ट अशी. फार जुन्या घड्याळांत, म्हणजे 1950 च्या दशकापर्यंत, अंधारात दिसावे म्हणून रेडियम लावत. 1960 च्या दशकात त्याच्या जागी ट्रिटियम आले. ते असल्याची खूण म्हणून तबकडीच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे इंग्रजी अक्षर छापलेले असे. ट्रिटियमचा जोर दर सव्वाबारा वर्षांनी निम्मा होतो. साठ वर्षांनंतर ते चमकणे शक्यच नाही. म्हणजे हा लेप नंतर कोणीतरी लावलेला. भिंगाखाली अक्षरेही जाड, फुगीर निघाली आणि 'टी' तर नव्हताच. तबकडी पुन्हा रंगवलेली होती. चाचांनी मागचे झाकण उघडले. त्या काळच्या ओमेगात क्रमांक आत मशीनवर कोरलेला असतो, त्यामुळे झाकण उघडल्याशिवाय जुने घड्याळ घेऊच नये. मशीन अस्सल होते, पण चावीजवळ गंजाचे डाग. कधीतरी पाणी शिरलेले.

रेडियमबद्दल घरातल्या बायामाणसांना एक सांगून ठेवतो. आजोबांच्या जुन्या घड्याळाचे आकडे पिवळट-तपकिरी पडले असतील आणि चमकत नसतील, तरी ते खरवडू नका, पोरांना खेळायला देऊ नका. चमक जाते ती त्यातला रंग थकतो म्हणून. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षे लागतात. झाकण आणि काच बंद असू द्या, म्हणजे झाले.

दुकानदाराने मुद्दाम फसवले असेल असे नाही. त्यालाही तसेच मिळाले असेल. जुन्याच्या धंद्यात भले भले फसतात. 2021 च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात 1957 सालचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी! 2023 मध्ये उघडकीस आले की ते इकडचे-तिकडचे भाग जोडून बनवलेले होते, आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असे कंपनीने सांगितले. जिथे बनवणाराच स्वतःचा माल ओळखायला चुकला, तिथे तुमचे-आमचे काय?

मग जुने घ्यायचेच नाही का? तसे नाही. तबकडी मूळची असेल, जरा डागाळलेली असली तरी चालेल. मशीन स्वच्छ असेल आणि माणूस ते सणासमारंभाला घालणार असेल, तर जरूर घ्यावे. त्या मशीनची चाल आजही दाद देण्यासारखी आहे. पण आमच्या भाच्याचे काम इंजिनरूममध्ये. घाम, खारी हवा, शेजारी मोठमोठ्या मोटारी. लोहचुंबकाजवळ जुन्या घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चिकटते आणि घड्याळ पुढे पळू लागते. 2015 च्या त्या मशीनमध्ये ही स्प्रिंग सिलिकॉनची असते, चुंबकाचा तिला त्रास नाही. एकदा पुरती चावी भरली की साठ तास चालते. कंपनीत सुटे भागही मिळतात. जुन्याचा एक दात तुटला तर दुसरे जुने घड्याळ मोडून तो काढावा लागतो.

मात्र नव्यावर '150 मीटर पाणी' लिहिले आहे म्हणून भुलू नये. आतली रबराची वायसरे वर्षांनी कडक होतात. आम्ही दाबाची चाचणी करून मागितली. दुकानदाराने कुरकुर केली, पण केली. कार्डावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहिला. शेवटी दोन लाख तीस हजारांत सौदा ठरला. सर्व्हिसिंगचा खर्च पुढे कधीतरी येणारच, म्हणून पंधरा हजार त्याने तिथल्या तिथे बाजूला काढले. ते काढले नसते तर आम्ही सौदा होऊ दिला नसता.

चाचांनी एक पैसा घेतला नाही. म्हणून आम्ही दाजींचे बंद पडलेले एचएमटी जनता त्यांच्याकडे ऑइलिंगला दिले. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली, आणि 2016 च्या जानेवारीत सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करायचे ठरवले. तरी त्याचे काम जाणणारे हात अजून गल्लोगल्ली सापडतात. वाचकहो, जुन्याचीच आवड असेल तर आधी घरातला खण उघडून बघा.

भाच्याने बिलावर क्रमांक, साल आणि 'तबकडी, काटे मूळचे' असे लिहून घेतले, खाली दुकानदाराची सही. ताईने ते बिल रेशनकार्डाबरोबर लोखंडी पेटीत ठेवले आणि भाच्याला विचारले, "स्लॅबवाल्याला कधी बोलवायचं?"