वजनकाट्यावर न दिसणारा आजार

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. व्हरांड्यात वजनकाटा मांडतात, एक जण आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा लिहून घेतो. मागे रांगेत फिदीफिदी हसू फुटतं. एखादी मुलगी त्या दिवशी डबाच उघडत नाही. शाळेत समुपदेशन करणाऱ्या आम्हा लोकांना हे नवं नाही. दात, डोळे, रक्तक्षय, सगळं तपासलं जातं. पण खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकतोस का, हे कुणी विचारत नाही.

खाण्याचे विकार म्हटलं की श्रीमंत घरातली, इंग्रजी शाळेतली हडकुळी मुलगीच डोळ्यांपुढे येते. हा समज डॉक्टरांनीही जपला. इंग्लंडच्या रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये अशा आजाराचं वर्णन केलं, त्यात एका मुलीबरोबर सोळा वर्षांचा एक मुलगाही होता. तरी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत पाळी थांबणं हा ॲनोरेक्सियाचा, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराचा, एक निकष होता. तो २०१३ मध्ये निघाला. त्याच वर्षी भसाभस खाण्याच्या विकाराला, बिंज इटिंगला, स्वतंत्र निदान मिळालं. त्याचे रुग्ण बहुधा हडकुळे नसतातच.

हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं, की त्यांच्याकडच्या अनेक रुग्णांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच ते सांगत. आपल्या ओपीडीत दुसरं काय ऐकू येतं? ‘दोन घासांत पोट भरतं हो.’ मग सोनोग्राफी, ॲसिडिटीच्या गोळ्या, टॉनिक. त्यात आपल्याकडे उपवासाची सोय आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असं सगळं धरणाऱ्या मुलीला घरात कोण हटकणार? उलट कौतुकच होतं. उपवास म्हणजे आजार नव्हे, हे मलाही कळतं. पण आजाराला त्याच्याआड बरीच वर्षं लपता येतं.

तालमीतला पोरगा कुस्तीच्या आदल्या दिवशी जॅकेटवर जॅकेट चढवून पळतो, पाणी तोडतो. कुस्तीगीर विनेश फोगाट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला १०० ग्रॅम जादा वजनामुळे बाद झाली, तेव्हा वजन उतरवण्याचा हा प्रकार घराघरांत कळला. तो खेळाचा भाग आहे. पण स्पर्धा संपल्यावरही ज्याला पोटभर जेवता येत नाही, त्याच्याकडे कोण बघतं? टाइप १ मधुमेहाची मुलगी वजन उतरावं म्हणून इन्सुलिन चुकवते आणि पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी खाते.

हे लाडाचे चोचले नव्हेत. ॲनोरेक्सिया हा सर्वाधिक जीवघेण्या मानसिक आजारांपैकी एक आहे. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडते. ‘दाबून खाऊ घाला, सुधारेल’ हा सल्लाही घातक ठरू शकतो. फार दिवस उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की फॉस्फेट झपाट्याने घसरतं. म्हणून जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांनी असा रुग्ण एकत्र बघायला हवा.

लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये खाण्याचे विकार ओळखायला पाच प्रश्नांची छोटी चाचणी तयार केली. तिच्यात उतरलेलं वजन ‘स्टोन’ या ब्रिटिश मापात विचारलंय, तेव्हा ती जशीच्या तशी चालणार नाही. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून ती मराठीत नव्याने बांधून घ्या, उपवासाचा आणि इन्सुलिनचा प्रश्न घाला. शाळेच्या तपासणीत आणि किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये ती मुलगे-मुली दोघांनाही विचारा, वजन कितीही असो. आशाताई आणि क्रीडाशिक्षकांना चार लक्षणं शिकवा.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मान्य. पण वजन पडद्याआड करावं आणि आकडा मोठ्याने सांगू नये, एवढं परिपत्रक काढायला निधी लागत नाही. ते येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काढावं, ही विनंती.

कळावे,
एक शालेय समुपदेशक